भिंतीवरची चिठ्ठी हलली पाहिजे: वर्गात स्टिकी नोट आणि आकृतिबंध कसे वापरावेत

आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि कृतिपत्रिकांत आकृतिबंधांना तोटा नाही. मधे एक गोल, त्याला चार फांद्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला रिकामी चौकट आणि वर सूचना: ‘आकृतिबंध पूर्ण करा’. सहावी-सातवीतलं मूल उताऱ्यातून चार शब्द शोधतं, चौकटींत बसवतं आणि पूर्ण गुण घेतं. त्याच मुलाला कोरा कागद देऊन ‘तुला काय समजलं ते आकृतीत मांड’ असं सांगा. बहुतेक वेळा ते पुन्हा मधे गोल काढून चार फांद्याच काढतं, मग विषय पुराच्या कारणांचा असो, दोन घटनांच्या तुलनेचा असो, नाहीतर एखाद्या प्रक्रियेचा. कोणती आकृती कशासाठी हे त्याला कळलेलं नसतं, कारण आकृती निवडायची वेळच त्याच्यावर कधी आलेली नसते.

स्टिकी नोट इथे कामाला येते. वहीत लिहिलेला मुद्दा लिहिला तिथेच राहतो. चिठ्ठीवरचा मुद्दा मात्र उचलून दुसरीकडे लावता येतो, आणि तो इथे का, तिथे का नको, यावर मुलं आपसांत बोलू लागतात. मी नाशिकमध्ये उच्च प्राथमिक वर्गांना शिकवते. रंगीत चिठ्ठ्यांनी भरलेली भिंत पुष्कळ शाळांत दिसते, फोटोही छान येतो. पण चिठ्ठी एकदा चिकटवल्यावर कोणीच हलवली नसेल, तर तो तास फळ्यावर मुद्दे लिहून घेतल्यासारखाच झाला. म्हणून पुढची प्रत्येक कृती सांगताना ‘चिठ्ठी नेमकी कोणत्या क्षणी हलते’ ते मी सांगणार आहे. तासाचं टाचण काढताना तुम्हीही आधी तो क्षण ठरवा, बाकीचं त्याच्याभोवती बसवता येतं.

सामान आणि भिंत

बाजारात सर्रास मिळणारी चिठ्ठी ३ इंच बाय ३ इंचांची असते. काना, मात्रा, वेलांटी, रफार या सगळ्यांना वर-खाली जागा लागते, त्यामुळे देवनागरीत त्या चिठ्ठीवर पाच-सहा शब्दच नीट बसतात. मर्यादा म्हणून ते चांगलंच आहे: एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, फार तर सहा शब्द. मागच्या बाकावरून वाचता यावं असं वाटत असेल तर ३ बाय ५ इंचांच्या घ्या. लिहायला पेन्सिल नको, बॉलपेनही नको. गडद निळं किंवा काळं स्केचपेन द्या. पिवळ्या चिठ्ठीवरची पेन्सिल दोन हातांवरून दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर चर्चा कशी होणार?

४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाला दोन दिल्या तरी ८० चिठ्ठ्या लागतात, म्हणजे १०० चा एक पॅड जवळजवळ एका तासात संपतो. हे रोज परवडणारं नाही आणि रोज करायची गरजही नाही. एका वर्गाला आठवड्यातून एक तास पुरे. पॅड पुरवायचा असेल तर चिठ्ठी उभी कापा. गोंदाची पट्टी वरच्या कडेला आडवी असते, त्यामुळे उभी कापल्यावर दोन्ही अर्ध्यांना गोंद येतो. आडवी कापलीत तर खालचा अर्धा तुकडा नुसता कागद उरतो. नाशिकच्या मेनरोडला किंवा रविवार कारंजाच्या बाजूला डझनाने घेतल्या तर स्वस्त पडतात.

पॅडच नसेल तरी काही अडत नाही. पाठकोऱ्या कागदांचे सारखे तुकडे करा. डी.एड.ला शिकलेला खादी फलक आठवतो ना? तो अजूनही उत्तम चालतो: पुठ्ठ्यावर ताणून बसवलेलं खादीचं किंवा फ्लॅनेलचं कापड, आणि चिठ्ठीच्या पाठीला चिकटवलेला पॉलिश पेपरचा छोटा तुकडा. चिठ्ठी कापडावर दाबली की बसते, ओढली की निघते, आणि वर्षानुवर्षं टिकते. दोरी आणि कपड्यांचे चिमटे हा दुसरा मार्ग. तिसरा मला सगळ्यात आवडतो: शहाबादी फरशीवर खडूने आकृती काढायची आणि मुलांनी भोवती बसून चिठ्ठ्या मांडायच्या. फरशीवर चिठ्ठी हलवायला उंची लागत नाही, त्यामुळे वर्गातलं सगळ्यात लहानखुरं मूलही हात घालतं. फक्त पंखा बंद करायचा.

भिंतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुष्कळ जण ‘चिठ्ठ्या पडतात’ म्हणून हा प्रकार सोडून देतात. हा कमजोर गोंद १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ३एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना सापडला आणि १९८० पासून चिठ्ठ्यांच्या रूपाने बाजारात आला. तो सलग थरासारखा नसतो. त्यात अगदी बारीक गोळ्या असतात आणि त्या पृष्ठभागाला थोड्याच ठिकाणी टेकतात. म्हणून तो चिकटतो आणि सुटतोही. धूळ बसली की त्या गोळ्या धुळीने माखतात आणि पकड जाते. खडूच्या फळ्यावर आणि चुन्याच्या भिंतीवर नेमकं हेच होतं. फळा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या, किंवा सरळ जागा बदला: लोखंडी कपाटाचं दार, खिडकीची काच, ऑइलपेंट दिलेला भिंतीचा खालचा भाग, जुन्या कॅलेंडरची गुळगुळीत पाठ. कार्यक्रमाचा जुना फ्लेक्स असेल आणि त्याची पाठ पांढरी असेल तर सोन्याहून पिवळं. मोठी आकृती कायमची आखून ठेवा आणि तास संपला की गुंडाळा. पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला, हवाच इतकी ओली असते की गोंद धरत नाही. तेव्हा मास्किंग टेपची गुंडाळी मागे लावा, नाहीतर फरशीवर उतरा.

एक छोटी गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा. चिठ्ठी पॅडवरून खालून वर ओढली तर वळते, आणि भिंतीवर लावल्यावर तिचं टोक बाहेर येतं. ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, गोंदाच्या पट्टीच्या दिशेने, सोलायची. मग सपाट बसते आणि जास्त वेळ टिकते.

३५ मिनिटांचा तास

प्रश्न फळ्यावर लिहायला आणि समजावायला ४ मिनिटं. मग ३ मिनिटं पूर्ण शांतता. प्रत्येकाने आपल्या दोन चिठ्ठ्या एकट्याने लिहायच्या. ही शांतता मी कधीच सोडत नाही. तिच्याशिवाय गटातलं बोलकं मूल बोलतं, बाकीचे तेच लिहितात, आणि तुमच्या हाती ४० मुलांचे ८० मुद्दे न येता आठ मुलांचे आठच येतात. जे मूल वर्षभर हात वर करत नाही, त्याचा विचार तुम्हाला इथे पहिल्यांदा वाचायला मिळतो.

त्यानंतर पाच-पाचच्या गटात ५ मिनिटं: सारख्या चिठ्ठ्या एकमेकींवर ठेवायच्या, फेकायच्या नाहीत. एकाच मुद्द्याच्या चार चिठ्ठ्या आल्या तर तो जाड गठ्ठाही काही सांगत असतो. पुढची १० मिनिटं आकृतीवर मांडणी आणि हलवाहलवी. ६ मिनिटं इतर गटांची आकृती फिरून पाहणं. शेवटची ७ मिनिटं वहीत. बेरीज ३५. कुठे कमी पडलंच तर फिरून पाहणं उद्यावर टाका, पण वहीची मिनिटं कापू नका.

सगळी मुलं एकदम भिंतीकडे धावली की तास गेलाच. गटागटाने पाठवा, किंवा प्रत्येक गटातून एकच जण चिठ्ठ्या लावेल असं ठरवा आणि ते काम दर वेळी वेगळ्या मुलाकडे द्या. चिठ्ठीच्या मागे हजेरी क्रमांक लिहायला सांगा, पुढे नाव नको. चुकीचा मुद्दा सगळ्यांसमोर वाचला जाईल तेव्हा तो कोणाचा हे तुम्हाला कळलं पाहिजे, वर्गाला कळायची गरज नाही.

रंग कमी ठेवा आणि रंगाला अर्थ द्या: पिवळी म्हणजे मुद्दा, गुलाबी म्हणजे प्रश्न. काही मुलांना, बहुतेक करून मुलग्यांना, लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, म्हणून प्रश्नाच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात प्रश्नचिन्हही काढायला लावा.

पूर: कारण कोणतं, परिणाम कोणता

कारणं शोधायची असतात तेव्हा माशाच्या सापळ्याची आकृती घ्यावी. जपानचे काओरू इशिकावा यांनी कारखान्यांतल्या उत्पादनातले दोष शोधण्यासाठी ती रूढ केली. डोक्याशी प्रश्न, मणक्याला जोडलेल्या हाडांवर कारणांचे प्रकार, हाडांवर चिठ्ठ्या. नाशिकच्या मुलांसाठी डोक्याशी लिहायचा प्रश्न तयारच आहे: ‘गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत का चढतं?’ हा मारुती रामकुंडापाशी नदीपात्रात उभा आहे. पुराचं हे माप इथल्या प्रत्येक घरात बोललं जातं, त्यामुळे लिहायला काहीच नाही असं एकही मूल म्हणत नाही.

साधारण कोणत्या चिठ्ठ्या येतात पाहा: ‘खूप पाऊस पडतो’, ‘गंगापूर धरणातून पाणी सोडतात’, ‘नदीत कचरा टाकतात’, ‘काँक्रीटमुळे पाणी मुरत नाही’, ‘दुकानांत पाणी शिरतं’, ‘नासर्डीला पाणी येतं’, ‘भांडीबाजार बुडतो’. आता हाडांना नावं द्या: पाऊस, धरण, शहर, नदीपात्र. मुलं चिठ्ठ्या लावतात. मग तुम्ही फक्त एक प्रश्न विचारायचा: ‘यातलं काय पुरामुळे होतं आणि कशामुळे पूर येतो?’

इथे हात भिंतीकडे जातात. ‘दुकानांत पाणी शिरतं’ आणि ‘भांडीबाजार बुडतो’ या चिठ्ठ्या सापळ्यातून निघून माशाच्या तोंडापुढे, परिणामांच्या रांगेत जातात. कचऱ्यावर हमखास वाद होतो, कारण कचरा पात्र अडवतो आणि पूर कचरा आणतोही. वाद होऊ द्या. मी अशा वेळी ती चिठ्ठी दोनदा लिहायला सांगते, एक कारणात आणि एक परिणामात, आणि दोन्हींना बाणाने जोडायला लावते.

नासर्डीची चिठ्ठी सगळ्यात मोलाची. नासर्डी, म्हणजे नंदिनी, टाकळीला गोदावरीला मिळते आणि टाकळी रामकुंडाच्या खाली, प्रवाहाच्या पुढच्या बाजूला आहे. मग तिचं पाणी दुतोंड्या मारुतीपाशी पातळी वाढवेल का? नकाशा उघडायला लावा आणि बोटाने प्रवाह दाखवायला सांगा. चिठ्ठी सापळ्यातून बाहेर येते, पण फेकायची नाही. ‘टाकळीच्या पुढच्या गावांना कशाचा धोका?’ अशा नव्या प्रश्नाखाली लावायची. वर-खाली, उगमाकडे-मुखाकडे या कल्पना फळ्यावर सांगून जेवढ्या रुजत नाहीत तेवढ्या या एका चिठ्ठीच्या हलण्याने रुजतात. आठवीच्या मुलांना जोडीला एक हिशेबही द्या: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. बातमीत होळकर पुलाखालचा विसर्ग १०,००० क्युसेक म्हटला, तर सेकंदाला किती लिटर? उत्तर चिठ्ठीवर लिहून धरणाच्या हाडाला लावा.

दोन सत्याग्रह, एक दोरी

तुलनेसाठी सगळ्यांचा हात एकमेकांवर चढलेल्या दोन वर्तुळांकडे जातो. जॉन व्हेन यांनी १८८० मध्ये ही पद्धत मांडली ती तर्कशास्त्रासाठी, आणि गणितात, संचांसाठी ती बिनतोड आहे. इतिहासात मात्र जपून वापरा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह यांची तुलना करायला सांगितली, तर मुलं एका वर्तुळात ‘पाण्याचा हक्क’ लिहितात आणि दुसऱ्यात ‘नाशिकला झाला’. हे दोन मुद्दे एकमेकांसमोर उभेच राहत नाहीत. एक मागणीचा आहे, दुसरा ठिकाणाचा.

वर्तुळांतल्या चिठ्ठ्या काढून तीन रकान्यांच्या तक्त्यात लावायला सांगा, मधल्या रकान्यात तुलनेचा मुद्दा: ठिकाण, सुरुवात, मागणी, नेतृत्व, विरोध. लगेच रिकाम्या जागा दिसतात. महाडसमोर ‘२० मार्च १९२७’ आहे, नाशिकसमोर काहीच नाही. मुलं पुस्तक उघडतात आणि ‘२ मार्च १९३०’ आणून लावतात. ‘पाण्याचा हक्क’समोर ‘मंदिरप्रवेश’ येतं. दोन्ही ठिकाणी सारखा राहणारा मुद्दा, डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व, दोन्ही रकान्यांवर आडवा चिकटतो. रिकामी चौकट मुलाला शोधायला लावते, म्हणून तुलनेसाठी मी वर्तुळांपेक्षा तक्ताच पसंत करते.

याच पाठाला जोडून दोरी बांधा. कालरेषा आपण फळ्यावर काढतो तेव्हा घटना सारख्या अंतरावर येतात, मग त्यांच्यामध्ये दहा दिवस असोत की दहा वर्षं. दोरीवर माप ठेवा: एक फूट म्हणजे एक वर्ष. १९२७ च्या सुरुवातीपासून १९३५ अखेरपर्यंत नऊ फूट दोरी लागते, ती एका भिंतीवर सहज मावते. महाड लावा, काळाराम लावा. मग ‘दांडीयात्रा सुरू, १२ मार्च १९३०’ ही चिठ्ठी एका मुलाच्या हातात द्या. तिला जागाच सापडत नाही! या मापाने दहा दिवस म्हणजे एक तृतीयांश इंच, त्यामुळे ती काळारामच्या चिठ्ठीवरच चढते. एकाच महिन्यात साबरमतीहून मिठासाठी माणसं निघाली होती आणि नाशिकमध्ये मंदिराच्या दाराशी माणसं बसली होती, हे मुलं डोळ्यांनी पाहतात आणि प्रश्न विचारतात. पुढे पुणे करार, २४ सप्टेंबर १९३२, आणि येवल्याची धर्मांतराची घोषणा, १३ ऑक्टोबर १९३५, दोरीच्या दुसऱ्या टोकाकडे जातात. येवला आपल्याच जिल्ह्यातलं. तिथून येणारं एखादं मूल वर्गात असेल तर ती चिठ्ठी त्याच्या हातून लावा.

कांद्याचा ओघतक्ता

प्रक्रिया शिकवताना ओघतक्ता, म्हणजे फ्लोचार्ट. आपल्याकडचा छापील ओघतक्ता बहुतेक वेळा सरळ खाली उतरतो: अमुक झालं, मग तमुक. खऱ्या कामात ठिकठिकाणी ‘असं असेल तर’ येतं, आणि निफाड, चांदवड, येवल्याकडच्या मुलांना ते मोठ्यांपेक्षा कमी कळत नाही. उन्हाळ कांदा घ्या. रोप टाकणं, लागवड, पाणी, खुरपणी, काढणी, पात कापणं, निवड, कांदा साठवायच्या चाळीत भरणं, गाडी भरून लासलगावच्या बाजार समितीत नेणं, लिलाव. प्रत्येक पायरी एकेका चिठ्ठीवर, आणि सगळ्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसून गटांना द्या. क्रम लावायला फारसा वेळ जात नाही.

मग कोपऱ्यावर उभी धरलेली, म्हणजे शंकरपाळीच्या आकाराची, एक गुलाबी चिठ्ठी द्या आणि सांगा: ‘जिथे घरात ठरवावं लागतं तिथे ही लावा, आणि त्यातून दोन वाटा काढा.’ काढणीनंतर ती जाते: ‘भाव बरा आहे?’ हो असेल तर थेट बाजार समिती, नसेल तर चाळ. चाळीनंतर दुसरी: ‘कांदा सडायला लागला?’ तिसरी एखादं मूल आपणहून मागतं: ‘घरात पैशांची नड आहे?’ आता सरळ उतरणारा तक्ता फांद्यांचा होतो, आणि एक बाण मागे वळून पुन्हा भावाच्या प्रश्नाशी येतो. पुढे संगणकाच्या तासाला हीच मुलं ओघतक्त्यातला निर्णय आणि पुनरावृत्ती चटकन ओळखतात.

हा पाठ घेताना एक जपा. भाव पडल्याच्या गोष्टी काही घरांत फार जिव्हारी लागलेल्या असतात. मुलाला त्याच्या घरचा आकडा विचारू नका. ‘शेतकरी काय करेल’ असाच प्रश्न ठेवा. ज्याला आपल्या घरचं सांगायचं असेल ते मूल सांगतंच.

चौरसाला कुठे बसवायचं

गणितातल्या आणि विज्ञानातल्या संज्ञांसाठी चार चौकटींची आकृती घ्या: व्याख्या, गुणधर्म, उदाहरणं, उदाहरण नसलेलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेयर आणि सहकाऱ्यांनी ती १९६९ मध्ये मांडली. या आकृतीचं सगळं बळ चौथ्या चौकटीत आहे. मधे ‘समांतरभुज चौकोन’ लिहा आणि गटांना आयत, चौरस, समभुज चौकोन, पतंग, समलंब चौकोन अशा आकृत्यांच्या चिठ्ठ्या द्या. चौरस बहुतेक गटांत चौथ्या चौकटीत जातो, कारण मुलांच्या डोळ्यांसमोर समांतरभुज चौकोन म्हणजे तिरपा. उत्तर सांगू नका. ‘गुणधर्मांच्या चौकटीतली एकेक चिठ्ठी चौरसाशेजारी धरून पाहा’ एवढंच सांगा. समोरच्या बाजू समांतर आहेत का? आहेत. समोरच्या बाजू एकरूप? आहेत. कर्ण एकमेकांना दुभागतात? दुभागतात. चौरस मुलांच्याच हातांनी उदाहरणांत येतो, पाठोपाठ आयत येतो, आणि पतंग का येऊ शकत नाही हेही तेच सांगतात.

विज्ञानात कल्पनाजाळं (संकल्पना बाणांनी जोडणारी आकृती) करताना, ज्याची पद्धत अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात बसवली, दोन चिठ्ठ्यांमधल्या बाणावर काहीतरी लिहिलंच पाहिजे असा नियम ठेवा. अर्ध्या कापलेल्या चिठ्ठ्या इथे वापरा: ‘-मुळे’, ‘-पासून बनते’, ‘-चा प्रकार’, ‘-ला लागते’. बाण कोरा असेल तर मुलाने दोन शब्द नुसते शेजारी ठेवलेत, संबंध सांगितलेला नाही.

सहलीआधी आणि सहलीनंतर

तीन रकान्यांचा तक्ता, ‘मला काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, काय कळलं’, डॉना ओगल यांनी १९८६ मध्ये वाचनासाठी मांडला. मला तो सहलीसाठी जास्त उपयोगी वाटतो. पांडवलेणीला जायच्या आदल्या दिवशी पहिल्या रकान्यात ‘पांडवांनी कोरली’ ही चिठ्ठी हमखास येते, बरेचदा गठ्ठ्याने. ती त्या दिवशी दुरुस्त करू नका. दुसऱ्या रकान्यातल्या प्रश्नाच्या चिठ्ठ्या मुलांबरोबर डोंगरावर न्या, प्रत्येकाच्या वहीत एक. तिथे २४ बौद्ध लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, लेख आहे, सातवाहनांची नावं आहेत, दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाच्या काळचे लेख आहेत. परत आल्यावर पहिल्या रकान्यातली चिठ्ठी उचलून तिसऱ्यात लावायची, आणि तिच्याखाली नवी चिठ्ठी: ‘भिक्षूंसाठी कोरली, दान कोणी दिलं ते लेखांत लिहिलंय.’ आधी काय वाटत होतं आणि आता काय कळलं, दोन्ही एकाखाली एक राहतात. न सुटलेले प्रश्न दुसऱ्या रकान्यात तसेच राहू द्या. त्यातले एक-दोन पुढच्या तासाचे विषय होतात.

लहान वर्ग, दुशिक्षकी शाळा

पहिली-दुसरीला चित्र काढलेली चिठ्ठी चालते. पेठ, सुरगाणा, कळवणच्या भागात मुलं घरी कोकणा किंवा दुसरी बोली बोलतात. तिथे मुलाने चिठ्ठीवर आधी घरचा शब्द लिहावा किंवा सांगावा, आणि पुस्तकातला शब्द दुसऱ्या रंगात खाली यावा. घरचा शब्द काढून टाकायचा नाही. दोन-तीन इयत्ता एकत्र बसत असतील तर मोठ्यांनी चिठ्ठ्या लिहायच्या आणि धाकट्यांनी त्या वाचून वर्गीकरण करायचं. धाकट्याला वाचता आली नाही तर मोठ्याचं अक्षर सुधारावं लागतं, तेही आपोआप होतं.

काही ठिकाणी ही पद्धत वापरू नका. कविता चिठ्ठ्यांवर तोडू नका. ती आधी पूर्ण कानावर पडू द्या. पाढे, शुद्धलेखन, नुसता सराव, यासाठी वहीच बरी.

तास संपल्यावर

चिठ्ठ्या काढण्याआधी फोटो घ्या, पण वहीची जागा फोटोला देऊ नका. शेवटच्या ७ मिनिटांत प्रत्येक मुलाने गटाची अंतिम आकृती वहीत काढायची आणि खाली एक वाक्य लिहायचं: ‘आमची ही चिठ्ठी इथून तिथे गेली, कारण…’ वही तपासताना मी ते वाक्य सगळ्यात आधी वाचते. ‘कारण’च्या पुढे काही नसेल, तर ते मूल हलवाहलवी नुसतं पाहत होतं असं समजायचं आणि पुढच्या वेळी चिठ्ठ्या लावायचं काम त्याच्याकडे द्यायचं.

निघताना दाराशी एक अर्धी चिठ्ठी: आजचं एक वाक्य, किंवा एक अडचण. शिक्षककक्षात या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: कळलं, अर्धवट कळलं, कळलं नाही. दुसऱ्या दिवशीचा तास अर्धवट कळलेल्यांच्या गठ्ठ्यापासून सुरू करा. तिथे काय अडलंय ते वाक्यातच दिसतं आणि कमी वेळात सुटतं. ज्यांना कळलंच नाही त्यांच्याजवळ स्वतंत्र बसावं लागेल.

आणि एक पॅड स्वतःच्या खिशात ठेवा. गट काम करत असताना जे दिसेल ते लगेच टिपा, हजेरी क्रमांक आणि एक ओळ: ‘१७, चौरसाचा मुद्दा गटाला पटवला’, ‘३२, कारण-परिणाम गोंधळ’. संध्याकाळी त्या चिठ्ठ्या आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत त्या-त्या मुलाच्या पानावर लावा. सत्र संपताना वर्णनात्मक नोंदी लिहायला बसाल तेव्हा ‘अभ्यासात रस घेतो’ असं सगळ्यांना सारखं लिहावं लागत नाही. १७ नंबरच्या पानावर काय लिहायचं ते तिथेच चिकटवलेलं असतं.